बिनशेकाची पट्टी

धैर्यशीलची पट्टी संयोगिताने दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. खरं तर नियम उलटा होता: घरच्या माणसाची पट्टी आपण करायची नाही. पण कुपवाडच्या त्या कारखान्यात नियम लिहिणारे व्यवस्थापकच म्हणाले, "मॅडम, साहेबांची आहे. तुमच्याइतकी मन लावून कोण करणार? तुम्हीच करा," आणि नोंदीत दुसऱ्याचं नाव घालून मोकळे झाले. आपल्याकडे नियम वाकतात ते बरेचदा असे मायेपोटी वाकतात, आणि वाकवणाऱ्याला उलट आपण माणुसकीला जागलो असं वाटतं. संयोगिताचा नवरा धैर्यशील मगदूम हा त्याच कारखान्यातल्या तंतू ओढायच्या टॉवरचा प्रमुख. आजारपणामुळे वर्षभर घरी होता. त्याच्यासाठी एवढं करायलाच हवं होतं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

संयोगिताने केसाहून जरासा जाड प्लॅस्टिकचा तंतू दोन चिमट्यांत ताणून धरला. त्याच्यावर अतिबारीक चऱ्या पाडलेली क्वार्ट्झची काच आणली आणि वरून जांभळ्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा लेसर सोडला. चऱ्यांतून जाताना या प्रकाशाचे पट्टे पडतात, एक उजेडाचा, एक अंधाराचा. उजेड पडेल तिथलं प्लॅस्टिक आतून किंचित बदलतं आणि नखाएवढ्या लांबीत हजारो रेघा उमटतात. रेघांच्या या जाळीला ग्रेटिंग म्हणतात. तंतूच्या टोकातून सगळ्या रंगांचा प्रकाश सोडला तर ग्रेटिंग त्यातला नेमका एक रंग माघारी पाठवते, बाकीचे जाऊ देते. तंतू ताणला की रेघा एकमेकींपासून लांब जातात आणि माघारी येणारा रंग तांबड्याकडे सरकतो. तंतू आखूड झाला की निळ्याकडे. रंग किती सरकला ते मोजायचं, म्हणजे तंतू किती ताणला ते समजतं.

काचेच्या तंतूत हे काम फार जुनं आहे. पुलांच्या पोटात आणि धरणांच्या भिंतीत असे तंतू घालून ठेवतात. पण काच ताठ असते. ती छातीला बांधली तर श्वासाबरोबर हलत नाही, आणि मोडली तर टोचते. प्लॅस्टिकचा तंतू मऊ. बरगडी वर आली की तो ताणतो, खाली गेली की परत येतो, आणि बांधणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. असे दोन तंतू लवचिक कापडी पट्ट्यावर बसवले की श्वासपट्टी झाली. त्यातला एक छातीवर ताणलेला असतो, तो श्वास मोजतो. दुसरा त्याच्या शेजारीच एका नळीत सैल सोडलेला असतो. हे प्लॅस्टिक घाम पितं आणि फुगतं, उन्हाळ्यात वाढतं. सैल तंतू फक्त घाम आणि ऊब किती ते सांगतो, आणि यंत्र तेवढं वजा करून टाकतं. उरते ती निव्वळ छाती.

आता राहिला शेक. कारखान्यात सगळे त्याला शेकच म्हणत. तंतू जाड कांडीपासून गरम करून ओढत ओढत बारीक केलेला असतो. ओढल्याचा ताण त्याच्या आत तसाच राहतो. मळल्या मळल्या लाटायला घेतलेली पोळी जशी पोळपाटावरच आक्रसते, तसा हा तंतू पुढे महिनोन्महिने कणाकणाने आखूड होत राहतो. म्हणून रेघा उमटवण्याआधी त्याला ओव्हनमध्ये बराच वेळ मंद आच द्यायची. जेवढं आक्रसायचं तेवढं तो तिथेच आक्रसून घेतो आणि मग गप्प बसतो. शेक न दिलेल्या तंतूवरही रेघा उमटतात, रंगही माघारी येतो. पण छातीला बांधल्यावर अंगाच्या उबेने आणि घामाने तो आतल्या आत आखूड होऊ लागतो, आणि यंत्राला वाटतं, छातीच आकसत चाललीय.

धैर्यशीलची छाती खरोखरच आकसत होती. फायब्रोसिस. फुप्फुसांना आतून वण धरतात, ती कडक होतात आणि लहान लहान होत जातात. त्याला हे कशामुळे झालं ते डॉक्टरांना अखेरपर्यंत सांगता आलं नाही. औषधांनी वेग कमी झाला होता, थांबला नव्हता. उपाय एकच, दुसऱ्याची फुप्फुसं. पण ती मिळणार कुणाला? पूर्वी रुग्णाने नळीत जोरात फुंकायचं आणि त्यावरून कोण किती अत्यवस्थ ते ठरायचं. मग कुणी मुद्दाम हळू फुंकायचे, आणि त्यावरून भांडणं, कज्जे, सगळं झालं. श्वासपट्टी आल्यावर राज्याने नियमच बदलला. ज्याची छाती वेगाने आकसते त्याला आधी. पट्टी दिवसरात्र मोजते, झोपेतही मोजते. ती एकदम सैल केली तर यंत्राला कळतं आणि ते मोजणी नव्याने सुरू करतं. पट्टीला फसवता येत नाही, असं कारखान्याच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

ते खरंच होतं. पट्टी बांधणाऱ्याला ती फसवता येत नव्हती. करणाऱ्याला येत होती.

धैर्यशीलच्या रक्तगटाच्या आणि छातीच्या मापाच्या माणसांत त्याचा क्रमांक दुसरा होता. पहिला होता मिरजेचा मुनीर सतारमेकर, तानपुऱ्यांचे भोपळे कोरून आणि घासून त्या धुळीने छाती गमावलेला. तोवरच्या दवाखान्यातल्या मोजणीत दोघांच्या छाती आकसण्याच्या आकड्यांत फरक थोडाच होता, पण तो दर आठवड्याला तेवढाच राहत होता. दक्षिण महाराष्ट्रात या मापाची फुप्फुसं वर्षातून एखाद्या वेळी मिळतात. दुसऱ्या क्रमांकाला काय मिळतं, ते संयोगिताला पक्कं माहीत होतं.

तिने सैल राहणारा तंतू शेकलेल्या रिळावरून घेतला. छातीवरचा तंतू मात्र तिने टॉवरवरून नुकत्याच उतरलेल्या, बिनशेकाच्या रिळावरून कापला. पट्टी शिवताना तिने, तंतू यंत्राला जोडतात त्या जोडणीपाशी, दोन्ही तंतूंची शेपटं नेहमीपेक्षा लांब ठेवली. जोडणी तुटली तर घरीच दुरुस्त करता यावी, त्याला उगाच दवाखान्याचे हेलपाटे नकोत, एवढाच तिचा विचार.

"म्हणजे मंगळसूत्र शेवटी माझ्याच गळ्यात," पट्टी बांधून घेताना धैर्यशील म्हणाला. नाकाला ऑक्सिजनची नळी, तरी जीभ काही थकली नव्हती.

"गळ्यात नाही, छातीला. आणि जरा गप बस, मोजणी सुरू व्हायचीय."

"बघितलंस अन्वी? लग्नात अंतरपाट धरला तेव्हापासून मला गप बस म्हणतीय ही."

त्यांची दहावीतली मुलगी अन्वी हसली. संयोगिताही हसली. पट्टीवरचा बारीक दिवा हिरवा झाला.

मंगळवारी मिरजेच्या दवाखान्यात श्वासाचा वर्ग असायचा. रुग्ण गोलात बसून हातात कागदाची पट्टी धरत, ओठांचा चंबू करून फुंकत आणि कागद किती वेळ आडवा राहतो ते बघत. धैर्यशील आणि मुनीर शेजारी शेजारी बसायचे. दोघांची पैज लागायची, आणि पैजेपेक्षा एकमेकांची टिंगल जास्त चालायची.

"मगदूम साहेब, तुमचा कागद हलला न्हाई, नुस्ता लाजला," मुनीर म्हणायचा.

"तुझा तर मान टाकून झोपलाय की."

मग दोघेही हसायचे आणि हसण्याने दोघांनाही खोकल्याची उबळ यायची. वर्ग घेणाऱ्या बाई वैतागायच्या. संयोगिता मागच्या बाकावर बसून हे बघायची. मुनीर तिला आवडायचा, आणि तेच तिला नको होतं. न आवडणारा माणूस असता तर तिचं काम सोपं झालं असतं.

पट्टी बांधून काही आठवडे झाले आणि धैर्यशीलचा आकडा हळूहळू वर चढू लागला. रोज थोडा, एखादी छाती जशी आकसेल अगदी तसा. यंत्राला त्यात काही खटकलं नाही. डॉक्टर काळजीत पडले, औषधाची मात्रा बदलली. संयोगिता मान हलवून ऐकायची. मग एका सकाळी त्याचा क्रमांक पहिला झाला.

त्या मंगळवारी मुनीर पेढे घेऊन आला. त्याला जिना चढून वर यायला किती वेळ लागला ते संयोगिताने वरून पाहिलं. प्रत्येक पायरीवर तो कठड्याला धरून थांबत होता. नखं निळी पडलेली. खुर्चीवर बसून दम खाल्ल्याशिवाय त्याला तोंडातून शब्द काढता येईना. मग त्याने पेढ्यांचा पुडा सोडला आणि पहिला पेढा तिच्याच हातावर ठेवला.

"तुमचा नंबर लागला वहिनी. खा." मधे थांबून त्याने दोनदा श्वास घेतला. "आपल्या बाकावरचा एक जण तरी सुटतोय. मला लई बरं वाटलं. खरंच सांगतो."

"तुमचं पण होईल मुनीरभाई," ती म्हणाली.

"व्हईल की. त्यांचं झालं की मीच हाय पुढं."

पेढा तिच्या तोंडात तसाच राहिला. गिळता गिळवेना आणि सगळ्यांसमोर थुंकताही येईना. शेवटी पाण्याच्या घोटाबरोबर तिने तो कसाबसा खाली ढकलला. धैर्यशीलने मात्र पेढा खाल्ला, मुनीरच्या पाठीवर थाप मारली आणि आणखी एक उचलला.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी ती लेसरपाशी काम करत असताना तिच्या फोनवर घंटा वाजली. पट्टीचा संदेश होता: मोजणी बंद, छातीचा माग लागत नाही. तिने घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. हातमोजे तसेच टेबलावर टाकून ती धावत सुटली. दुपारची वेळ, रस्त्यावर ऊन रणरणत होतं, आणि कुपवाडपासून घरापर्यंत तिने मनातल्या मनात त्याचं काय काय बघून घेतलं ते सांगण्यात अर्थ नाही.

धैर्यशील न्हाणीघरात पाटावर बसला होता. नळी नाकाला होतीच. समोर बादली, बादलीत वाफाळतं पाणी, आणि पाण्यात पट्टी. तिची जोडणी त्याने कपड्याच्या चिमट्याने बादलीच्या काठाला वर अडकवून ठेवली होती, भिजू नये म्हणून. हातात स्वयंपाकघरातला तापमापक.

"काय करतोयस?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"शेक देतोय."

ती दारातच उभी राहिली. तो जिवंत आहे या आनंदाने सुटलेला श्वास तिथल्या तिथे अडकला.

"बस," तो म्हणाला. "मला एका दमात बोलता येत नाही, तेव्हा मधे बोलू नकोस." मग तो थांबत थांबत सांगू लागला. "माझा आकडा चढत होता, पण मला माझी छाती कळते की गं. मला काही जास्त होत नव्हतं. मागच्या आठवड्यात चहा पीत बसलो होतो. जोडणीपाशी तुझी शेपटं लोंबत होती. त्यांची टोकं कापली आणि चहात टाकली. टॉवरवर आम्ही तसंच बघतो, कच्चा माल असला की कढत चहात वळवळतो. एक टोक सरळ राहिलं. दुसरं वळून वेटोळं झालं." त्याने खोल श्वास घ्यायचा प्रयत्न केला. "दोन्ही वळली असती तर म्हटलं असतं, चुकून कच्चं रीळ आलं. पण एक शेकलेला आणि एक कच्चा, तेपण छातीवरचा. असं चुकून होत नाही. तुझ्या हातून तर नाहीच."

"हो," ती म्हणाली. "मुद्दाम केलं. मला तू हवायस. दुसरं काही कारण नाही."

"ठाऊक आहे."

"तुला जगायचं नाही का?"

"फार जगायचंय. म्हणून तर आठवडाभर गप्प बसलो. कळूनसुद्धा पट्टी बांधून हिंडलो. सकाळी उठलो की आधी आकडा बघत होतो." तो बादलीकडे बघत होता. "मंगळवारचा पेढा खाल्लास तू?"

"खाल्ला. गिळवत नव्हता."

"माझ्या सहज गेला घशाखाली. दुसरासुद्धा उचलून खाल्ला. त्या माणसाला जिना चढवत नव्हता आणि मी पेढा खात होतो, आणि मला काही वाटलं नाही गं. आत काही हललंच नाही. घरी आल्यावर त्याचीच भीती वाटली मला."

"मग दवाखान्यात सांगायचंस. पट्टी सदोष आहे म्हणून. हे असं कशाला?"

"आणि तू? तुला कारखान्यात ठेवतील? पोलिसात देतील. तू आत आणि मी असा, म्हणजे मग पोरीकडं बघायचं कुणी?"

"तेच म्हणतीय मी! अन्वीचं काय? तू गेलास तर तिनं काय करायचं?"

धैर्यशीलने तापमापक पुन्हा पाण्यात बुडवला आणि त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरला. संयोगिता ओल्या फरशीवर त्याच्या पायाशी बसली आणि रडली. तिला त्याचा संताप आला होता. त्याहून जास्त स्वतःचा आला होता, की एवढ्या हुशारीने सगळं केलं आणि शेपटं कापायची राहिली. आणि त्या संतापाखाली त्याच्यावरचं प्रेम होतं, ते त्या क्षणी सगळ्यात जास्त दुखत होतं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "पाणी निवत चाललंय. माझ्याच्यानं दुसरं पातेलं उचलवत नाही."

तिने बोट पाण्यात घातलं. खरंच कोमट झालं होतं. अर्ध्यावर सोडलं तर तंतू ना धड कच्चा राहणार, ना पक्का होणार. आकडा मग खरं-खोटं काहीच सांगणार नाही. हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? ती तशीच बसून राहिली असती तर पाणी थंड झालं असतं, एवढंच. ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने मोठं पातेलं गॅसवर चढवलं, पाणी चांगलं तापू दिलं आणि दोन्ही हातांनी आणून बादलीत ओतलं. ओतताना तिचे डोळे मिटलेले होते.

दुपारभर दोघे बादलीपाशी बसून होते. पाणी निवलं की ती नवं आणायची. मधे ती त्याला डाळिंबाचे दाणे सोलून भरवत होती. तो टॉवरवरच्या जुन्या गोष्टी काढत होता, एकदा कांडी जळाली आणि सगळा मजला धुराने कसा भरला होता, तेव्हा ही नवी नवी आली होती आणि घाबरून जिन्यात कशी रडत बसली होती. अन्वीची शाळेतून यायची वेळ झाली तेव्हा त्याने पट्टी बाहेर काढली आणि टॉवेलात गुंडाळून हलक्या हाताने टिपली. संध्याकाळी तिने ती त्याला परत बांधली. पट्टी एकदम आखूड झाल्याचं यंत्राच्या लक्षात आलं आणि त्याने विचारलं, पट्टी नव्याने बसवली का? संयोगिताने हो म्हणून सांगितलं. मोजणी नव्याने सुरू झाली. पुढच्या आठवड्यात धैर्यशीलचा क्रमांक पुन्हा दुसरा झाला.

श्रावणात सोलापूरकडे अपघातात एक तरुण गेला. त्याच्या घरच्यांनी दुःखातही होकार दिला, आणि फुप्फुसं हवेतून पुण्याला पोचली. बोलावणं मुनीरला आलं. निघण्याआधी त्याने धैर्यशीलला फोन केला. धैर्यशील म्हणाला, "जा बाबा. सावकाश जा आणि धडधाकट परत ये. आल्यावर मला कागद उडवून दाखव." फोन ठेवून तो खिडकीपाशी जाऊन बसला. संयोगिता शेजारी बसली तसा त्याने तिचा हात धरला.

"वाईट वाटतंय गं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं बरं वाटेल. अजिबात वाटत नाहीये."

त्या मापाची फुप्फुसं त्या वर्षी पुन्हा आली नाहीत. नवरात्र उठलं त्या आठवड्यात धैर्यशील गेला. अन्वी त्याच्या उशाशी होती. पट्टी संयोगितानेच सोडली. अंगाच्या उबेने ती अजून गरम होती.

लोक म्हणाले, काळ सगळं भरून काढतो. संयोगिताचं काही भरून निघालं नाही. ती कामाला जायची, अन्वीच्या परीक्षेचं बघायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा करायची. पण स्वयंपाकघरात पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं की तिला स्वतःचे दोन हात दिसायचे. त्या दुपारी ते पाणी ओतलं नसतं तर? त्याला पातेलं उचलवत नव्हतं. पातेलं तिने उचललं होतं. त्याच्यावर रागवावं तर तो नाही, आणि मुनीरवर रागवावं तर त्याचा बिचाऱ्याचा दोष काय? तरी ती रागवायची. तो मिरजेत कुठेतरी भरभरून श्वास घेतोय, हा विचार तिला भाजीच्या मंडईत, बसमध्ये, कुठेही गाठायचा आणि ती मनातून त्याला बोल लावायची. मग स्वतःची लाज वाटायची. आळीपाळीने हे दोन्ही चालायचं.

थंडी सरता सरता तो कारखान्यात आला. नवी फुप्फुसं शरीर नाकारत नाही ना, हे बघायला आता त्याला नवी पट्टी लागणार होती. बाकी कुणीही ती बांधून दिली असती. पण त्याने दारावर संयोगिताचंच नाव घेतलं. तिला निरोप आला तेव्हा नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तरी ती गेली.

मुनीर उभा राहिला. गालांवर मांस चढलेलं, नखं गुलाबी. जिने चढून आला होता आणि त्याला धाप लागली नव्हती. तिच्याकडे बघून त्याची नजर खाली गेली.

"वहिनी, मी आधीच यायला पायजे होतं," तो म्हणाला. "पुण्यात सहा महिने अडकून पडलो. आणि खरं सांगू? तोंड दाखवायचा धीर होईना. आमच्या दोघांत कोण तरी एकच, असं होतं ते. मला कळत न्हाई व्हय?"

"बसा," ती म्हणाली.

"साहेब सारखे म्हणायचे, शेवटच्या फोनवर पण म्हणाले. मुनीर, पट्टी करून घेशील तर हिच्याच हातची घे. तिच्या हातची पट्टी खोटं बोलत न्हाई."

संयोगिता ड्रॉवर उघडत होती. तिचा हात तिथेच थांबला. धैर्यशीलने हे सगळं कळल्यानंतर म्हटलं होतं. न्हाणीघरातल्या त्या दुपारनंतर. तिने पाठ वळवून घेतली आणि शेकलेल्या रिळाच्या पट्ट्यांमधून त्याच्या मापाची पट्टी काढली. दोन्ही तंतू तपासले. मग त्याच्या छातीला ती बांधली. शर्टाखाली टाक्यांचा लांब वण तिच्या बोटांना लागला, आणि त्याखाली छाती हलत होती, एकसारखी, निवांत.

पट्टी बांधली की ती त्या छातीला जुळवून घ्यावी लागते. माणसाने पूर्ण श्वास घ्यायचा, मग तो धरायचा, आणि सांगितलं की सोडायचा. त्यावरून यंत्राला त्या छातीचा सगळा आवाका कळतो.

"मोठा श्वास घ्या," ती म्हणाली.

मुनीरने घेतला. पडद्यावरची रेघ जराशी उचलली आणि अर्ध्यावर थांबली.

"एवढाच नाही. पूर्ण."

त्याने पुन्हा घेतला. पुन्हा तेवढाच, चोरून घेतल्यासारखा. छातीत जागा होती, तिला दिसत होतं. पण तिच्यासमोर त्याला ती वापरवत नव्हती. त्याचे कान लाल झाले होते आणि तो जमिनीकडे बघत होता.

संयोगिताला त्याचा राग आला. यासाठी का तिने ते पाणी ओतलं होतं? धैर्यशीलने सोडून दिलेला श्वास या माणसाने असा अर्धामुर्धा घ्यावा म्हणून? मग तो रागही गळून गेला आणि एवढंच उरलं, की आपण घेतला तर समोरच्या बाईला लागेल, या भीतीने एक माणूस श्वास आखडून बसलाय.

"मुनीरभाई," ती म्हणाली, "माझ्याकडं बघू नका. डोळे मिटा. आणि घ्या. सगळा घ्या. तुमचाच आहे तो."

त्याने डोळे मिटले. क्षणभर काही झालं नाही. मग त्याची छाती उचलली, आणि उचलतच गेली. रेघ चढत गेली, धैर्यशीलच्या कुठल्याही रेघेने कधी गाठली नव्हती अशा उंचीवर गेली आणि तिथे ठरली. एवढा मोठा श्वास तिने किती तरी वर्षांत जवळून ऐकला नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तोंडावर हात धरूनही हुंदका आवरेना. पुढचा शब्द तिने सांगायचा होता, पण घशातून आवाजच फुटत नव्हता. मुनीर डोळे मिटून, छाती भरून, तसाच बसून राहिला. तिने सोडायला सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने सोडला नाही. त्याचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा वर आल्या, तरी तो धरून राहिला.

"सोडा," शेवटी ती म्हणाली. "सोडा आता."